बारावीनंतर फिजिक्सच करायचंय, पण नेमकं कुठे? आयसर, नायसर की जवळच्या कॉलेजात बीएससी

तरंगलांबी:

नमस्कार सगळ्यांना. बारावी बोर्डाची परीक्षा झाली, पीसीएम ग्रुप होता. जेईई मेन पण दिली, मार्क ठीकठाक येतील, पण मला इंजिनिअरिंगला जायचंच नाहीये, मला फिजिक्स शिकायचंय आणि हे अकरावीपासून पक्कं आहे. क्लासमधे फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट झाला तेव्हा सूत्र, मग तीन न्यूमेरिकल्स, मग पुढचा धडा असं झालं, आणि मी मात्र तिथेच अडकले की प्रकाश कितीही प्रखर केला तरी सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढत नाही हे ज्यांनी पहिल्यांदा प्रयोगात बघितलं त्यांना काय वाटलं असेल, त्यांनी आधी उपकरणातच चूक शोधली असेल ना? असल्या प्रश्नांना वेळ मिळेल अशा ठिकाणी जायचंय मला.

घरी विरोध नाहीये, पण काळजी खूप आहे. आईबाबा दोघंही विज्ञान शाखेचे नाहीत त्यामुळे त्यांना विचारून उपयोग नाही, आणि शाळा-क्लासमधल्या सगळ्यांना फक्त इंजिनिअरिंग आणि मेडिकलचीच माहिती आहे. मी नेटवर वाचून वाचून गोंधळलेय. आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्था) म्हणजे आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसर (भुवनेश्वरची तशीच संस्था) म्हणजे नेस्ट परीक्षा, मग चेन्नईचं सीएमआय, मग आयआयटीतलं इंजिनिअरिंग फिजिक्स, मग केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी, प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, तारखा वेगळ्या.

अडचण अशी की माझ्याकडे बायोलॉजी नव्हतं आणि आयएटीमधे बायोचे प्रश्न असतात, तर मी ती द्यावी की नाही? दुसरं म्हणजे यातलं काहीच नाही मिळालं तर जवळच्या कॉलेजात साधी बीएससी केली तर पुढचे रस्ते बंद होतात का? ओळखीचे एक काका म्हणाले की बीएससी म्हणजे ज्यांना काहीच मिळत नाही त्यांची डिग्री, ते ऐकून रात्रभर झोप नव्हती. आणि कॉलेज निवडताना बघायचं तरी काय, सगळ्यांच्या वेबसाईटवर एकसारखेच फोटो आणि एकसारखीच वाक्यं आहेत. एक वर्ष ड्रॉप घ्यावा का हे पण सांगा प्लीज.


चौथ्या_मजल्यावरची:

मी एका आयसरमधे आहे, चौथं वर्ष, फिजिक्स मेजर. बायोचं आधी सांगते कारण या एका भीतीपायी कितीतरी जण फॉर्मच भरत नाहीत. आयएटीत ६० प्रश्न असतात, बायो केमिस्ट्री मॅथ्स फिजिक्स प्रत्येकी १५, तीन तास, बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं तर वजा १. म्हणजे एकूण २४० पैकी बायोचे फक्त ६०. बायो पूर्ण कोरं सोडलंस तरी १८० मार्क तुझ्या हातात आहेत, आणि ज्यांच्याकडे बायो आहे त्यातल्या बऱ्याच जणांचं मॅथ्स कच्चं असतं, म्हणजे त्यांचंही कुठेतरी जातंच. माझ्याकडे पण बायो नव्हतं. उरलेल्या दिवसात अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीतला जेनेटिक्स, पेशी आणि इकॉलॉजीचा भाग नीट वाच, त्यातले काही प्रश्न नुसत्या तर्काने सुटतात, बाकीचे सोडून दे, अंदाजपंचे ठोकू नकोस.

नेस्टमधे तर आत्तापर्यंत चार सेक्शनपैकी ज्या तीनमधे जास्त मार्क तेच मेरिटला धरत आलेत, त्यामुळे तुला तिथे बायोचा त्रास जवळपास नाहीच. पण पॅटर्न अधूनमधून बदलतात म्हणून यंदाचं ब्रोशर स्वतः उघडून वाच, कोणाच्या व्हिडिओवर विसंबू नकोस. नेस्टने भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधलं सीईबीएस अशी दोन ठिकाणं मिळतात, दोन्ही अणुऊर्जा खात्याची, दोन्हीकडे पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएससी. सीईबीएस लोकांना फार माहीत नसतं, पण तिथे टीआयएफआर आणि बीएआरसी या मुंबईतल्या संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ येऊन शिकवतात आणि वर्ग अगदी लहान असतात, बॅचमधे सगळे सगळ्यांना ओळखतात. दोन्हीकडे दिशा स्कॉलरशिप आहे, वर्षाला ६० हजार आणि उन्हाळी प्रोजेक्टसाठी २० हजार वेगळे, हे आईबाबांना आवर्जून सांग.

आता आयसरबद्दल, जे तुला वेबसाईटवर कळणार नाही ते. सुरुवातीला चारही विषय सगळ्यांना असतात, म्हणजे फिजिक्स करायला आलेल्या मुलीला पण बायोचा कोर्स आणि केमिस्ट्रीची लॅब करावी लागते. काहींना हे अजिबात आवडत नाही, मला विचारशील तर मला त्याचा फायदा झाला कारण माझा आत्ताचा प्रोजेक्ट पेशींच्या आतल्या प्रथिनांच्या हालचालीवर आहे आणि तो शंभर टक्के फिजिक्सच आहे, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स. पण तुला जर पहिल्या दिवसापासून फक्त मॅथ्स आणि फिजिक्स हवं असेल तर चेन्नईचं सीएमआय बघ, तिथे मॅथेमॅटिक्स आणि फिजिक्स अशी तीन वर्षांची बीएससी ऑनर्स आहे, स्वतःची वेगळी प्रवेश परीक्षा आहे आणि ती मॅथ्सची असते, उत्तराबरोबर तर्क लिहावा लागतो. थिअरीकडे ओढा असेल तर फार छान जागा, प्रयोगात हात घालायला आवडत असेल तर मात्र आयसर किंवा नायसर.

पाचवं पूर्ण वर्ष थीसिसला असतं ही आयसरची सगळ्यात मोठी गोष्ट. एकच प्रश्न घेऊन वर्षभर बसायचं, एका गाईडबरोबर. तू फोटोइलेक्ट्रिकबद्दल जे लिहिलंस ना, त्या स्वभावाच्या माणसाला हे वर्ष खूप काही देऊन जातं. आणि हो, आयएटीचा स्कोअर बंगळुरूच्या आयआयएससीच्या बीएस रिसर्चला पण चालतो पण त्यांचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, लोक तो विसरतात आणि मग स्कोअर असून काही करता येत नाही.


खडू_डस्टर:

बाळ, मी एका अनुदानित कॉलेजात बरीच वर्षं बीएससीला फिजिक्स शिकवतो. त्या काकांचं बोलणं मनावर घेऊ नकोस. नारळीकर सरांनी पण बनारसला बीएससीच केली होती, १९५७ साली, आणि मग केंब्रिजला गेले. ते दिवस वेगळे होते हे मान्य, पण बीएससी फिजिक्स ही डिग्री आजही पूर्ण दमाची आहे, फक्त ती कुठे आणि कशी करतेस यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते कसं ओळखायचं हे तू विचारलंस म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत, कॅन्टीन, ऑडिटोरियम हे सगळं राहू दे, थेट फिजिक्सच्या लॅबमधे जा. कामाच्या दिवशी जा, दुपारी, प्रॅक्टिकल चालू असताना. लॅब असिस्टंटला नम्रपणे विचारलंस की आत बघू का, तर शक्यतो कोणी नाही म्हणत नाही. बघायचं हे की एका सेटअपवर किती मुलं आहेत. दोन असतील तर उत्तम, तीन चालतील, सहा असतील तर चार जण फक्त रीडिंग उतरवून घेतायत हे समजून जा. न्यूटन्स रिंगचा प्रयोग चालू असेल तर मायक्रोस्कोपमधे वलयं खरोखर दिसतायत का ते बघ. मुलांच्या जर्नलमधे डोकाव. सगळ्यांचं उत्तर पुस्तकातल्या किमतीशी तंतोतंत जुळत असेल तर तिथे प्रयोग होत नाहीत, नक्कल होते. ज्या जर्नलमधे लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाची (g) किंमत ९.५ आली आहे आणि खाली मुलाने लिहिलंय की दोरीची लांबी मोजताना गोळ्याची त्रिज्या धरली नव्हती, ते कॉलेज चांगलं. एरर ॲनालिसिस शिकवतात का हे तर मुद्दाम विचार. मोजमापातली अनिश्चितता किती हे सांगता न येणारा विद्यार्थी फिजिक्सचा अर्धाच विद्यार्थी असतो असं माझं ठाम मत आहे.

दुसरं बघायचं ते गणित. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची पद्धत आली आहे. मेजर फिजिक्स घेशीलच, पण मायनर गणितच घे, दुसरं काहीही घेऊ नकोस. काही कॉलेजात वेळापत्रकाच्या सोयीसाठी मुलांना इलेक्ट्रॉनिक्स किंवा केमिस्ट्री मायनर घ्यायला लावतात आणि मग तिसऱ्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्सला आयगेनव्हॅल्यू आली की मुलं गांगरतात, कारण लिनियर अल्जेब्रा कधी केलेलंच नसतं. प्रवेश घेण्याआधी विचार की फिजिक्स-गणित ही जोडी तुमच्याकडे नक्की मिळते का, आणि सांगणारा क्लार्क असेल तर विभागप्रमुखांकडून खात्री करून घे. लिनियर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, व्हेक्टर कॅल्क्युलस, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस हे चारही कुठल्या ना कुठल्या सेमिस्टरला अभ्यासक्रमात दिसले पाहिजेत. अभ्यासक्रमाची पीडीएफ विद्यापीठाच्या वेबसाईटवर असते, ती उघड, कोर्सच्या नावावर जाऊ नकोस, आतलं युनिट वाच.

तिसरं, शिक्षक कायमस्वरूपी आहेत का. हे विचारायला अवघड वाटतं पण विचार. दर वर्षी तासिका तत्त्वावर नवे लोक येत असतील तर ते कितीही हुशार असले तरी त्यांना तुझ्यासाठी वेळ उरत नाही, कारण ते दिवसात दोन-तीन कॉलेजं करत असतात. यात त्यांचा दोष नाही, पण तुझं नुकसान आहेच.

आणि आपण होऊन करायच्या गोष्टी. होमी भाभा सेंटर, म्हणजे मानखुर्दचं एचबीसीएसई, बीएससीच्या मुलांसाठी एनआययूएस नावाचा कार्यक्रम चालवतं, त्यात कॅम्प असतात आणि पुढे प्रोजेक्ट मिळतो. पहिल्या वर्षालाच त्याच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. आयएपीटी ही फिजिक्स शिक्षकांची संघटना आहे, ती बीएससीच्या मुलांची देशपातळीवरची परीक्षा घेते, एनजीपीई, ती पण दे. पुण्याच्या आसपास असशील तर आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था दोन्ही विद्यापीठाच्या कॅम्पसमधेच आहेत, व्याख्यानं असतात, जाऊन बसता येतं. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना एकत्र जोडून एकच मोठी दुर्बीण कशी होते हे तिथले लोक स्वतः समजावून सांगतात.


तरंगलांबी:

सर, ताई, खूप खूप धन्यवाद, इतकं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. बायोचं टेन्शन गेलं, आयएटी आणि नेस्ट दोन्ही भरते. सर, लॅबमधे जाऊन बघायचं हे डोक्यातच आलं नव्हतं, परवाच एका कॉलेजात जाते आईला घेऊन. पण एक विचारू का, समजा बीएससी केली तर तिथून परत आयसर, आयआयटी, टीआयएफआर अशा ठिकाणी जाता येतं का? का आधीपासून तिथे असलेल्यांनाच पुढे संधी असते? आणि आयआयटीतलं इंजिनिअरिंग फिजिक्स, ते पण फिजिक्सच ना?


अर्धायुष्य:

हे उत्तर मी द्यायलाच हवं कारण मी नेमका याच वाटेने आलोय. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात बीएससी, मग जॅम परीक्षा, मग इंटिग्रेटेड पीएचडी (एमएससी आणि पीएचडी एकत्र), आता तिसरं वर्ष, काम कंडेन्स्ड मॅटरमधे. माझ्या बॅचमधे आयसर-नायसरवाले पण आहेत आणि माझ्यासारखे विद्यापीठवाले पण आहेत, पहिल्या वर्षी फरक जाणवतो, नंतर कोण कुठून आलंय हे कोणी विचारत पण नाही.

जॅम म्हणजे आयआयटीज घेतात ती एमएससीची प्रवेश परीक्षा, फेब्रुवारीत असते, ६० प्रश्न १०० मार्क तीन तास. फिजिक्सचा सिलॅबस म्हणजे मॅथेमॅटिकल मेथड्स, मेकॅनिक्स, वेव्हज-ऑप्टिक्स, इलेक्ट्रिसिटी मॅग्नेटिझम, थर्मो, मॉडर्न फिजिक्स, सॉलिड स्टेट आणि इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे तुझी बीएससीच की. वेगळं काही आकाशातून पडत नाही. फक्त विद्यापीठाच्या पेपरला व्याख्या लिहा, सिद्धता लिहा असं असतं आणि जॅमला प्रत्येक गोष्ट वापरता आली पाहिजे, त्यामुळे पहिल्या वर्षापासून धडा संपला की त्यावरचे जॅमचे जुने प्रश्न सोडवायचे, तिसऱ्या वर्षाची वाट बघायची नाही. त्या स्कोअरवर आयआयटीत एमएससी मिळते, आयआयएससी आणि आयसरच्या इंटिग्रेटेड पीएचडीला पण अर्ज करता येतो, एनआयटीत एमएससी मिळते. शिवाय टीआयएफआरची स्वतःची परीक्षा असते डिसेंबरमधे, आणि जेस्ट म्हणून आणखी एक आहे जी आयुका, चेन्नईचं आयएमएससी, प्रयागराजचं एचआरआय असल्या संस्था मिळून वापरतात. एवढी दारं आहेत, बंद काहीच होत नाही.

पण एक गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आयसरच्या मुलाला सोबत मिळते. रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधे दोघं लॅग्रांजियनवर भांडतायत हे तिथे नेहमीचं आहे, माझ्या कॉलेजात एवढ्या आवडीने बोलणारा मी धरून अजून एकच होता. आम्ही दोघांनी रोज लायब्ररीत तास ठरवून घेतला होता, एकाने फळ्यावर सोडवायचं आणि दुसऱ्याने फक्त "का?" विचारत राहायचं. तुला बीएससीला जावं लागलं तर पहिल्या महिन्यात असा एक माणूस शोध, एकच पुरतो. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची पूर्ण लेक्चर्स मोफत आहेत, पण ती एकट्याने बघितली की समजल्यासारखं वाटतं आणि प्रश्न सोडवायला घेतला की काही येत नाही, दोघांनी मिळून बघितली तर टिकतात.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या वाया घालवू नकोस. तीन विज्ञान अकादम्या मिळून समर फेलोशिप देतात, त्याचे अर्ज हिवाळ्यातच निघतात आणि देशभरातल्या शास्त्रज्ञांच्या लॅबमधे दोन महिने काम करता येतं. त्या अर्जात थोडं लिहून द्यावं लागतं की तुला काय करायचंय आणि का, आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. इथेच बहुतेक जण "मला लहानपणापासून विश्वाचं कुतूहल आहे" असं लिहितात. असं लिहू नकोस. काय केलंस ते लिही. फोनमधल्या सेन्सरने पेंड्युलमचा पिरियड मोजला, मोठ्या कोनाला तो सूत्रापेक्षा जास्त आला, मग पायथॉनमधे न्यूमेरिकली सोडवून पाहिलं तर जुळला, एवढं चार ओळीत लिहिलंस तरी वाचणाऱ्याला कळतं की ही मुलगी काम करते. शिफारसपत्राचं पण तसंच, ज्या सरांच्या लॅबमधे तू वर्षभर प्रश्न विचारलेस तेच सर चांगलं पत्र देऊ शकतात, प्राचार्यांच्या सहीच्या पत्राला फार वजन नसतं कारण त्यांना तू माहीतच नसतेस.

इंजिनिअरिंग फिजिक्सचं म्हणशील तर हो, क्वांटम, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, स्टॅट मेक सगळं असतं, सोबत इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडं इंजिनिअरिंग. पण त्याला जेईई ॲडव्हान्स्ड लागते आणि चांगल्या आयआयटीत रँक पण बरीच वरची लागते. कानपूरला फिजिक्सचं चार वर्षांचं बीएस आहे, ते जास्त शुद्ध फिजिक्स. तुझं मेनमधून क्वालिफाय झालं तर ॲडव्हान्स्ड देऊन टाक, मिळालं तर एक पर्याय वाढेल, पण फक्त आयआयटीचं नाव मिळावं म्हणून भलतीच ब्रँच घेऊ नकोस. माझे दोन मित्र तसे गेले, दुसऱ्या वर्षापासून फिजिक्सचे कोर्स ऑप्शनल घेता येतात का हे शोधत बसले होते.


किरणोत्सर्ग:

सगळे संशोधनाबद्दलच बोलतायत, पण तिच्या आईबाबांची काळजी पोटापाण्याची असणार, म्हणून मी लिहितेय. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, कॅन्सर हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागात. पेशंटला लिनियर ॲक्सिलरेटरमधून जो डोस द्यायचा तो ट्यूमरला नेमका किती आणि शेजारच्या चांगल्या अवयवांना किती कमी, हे प्लॅन करणं आणि मशीन खरंच तेवढाच डोस देतंय का हे रोज मोजून बघणं हे आमचं काम. डॉक्टर नाही, फिजिक्सवाले करतात हे. त्यासाठी बीएससीला फिजिक्स मुख्य विषय, मग एमएससी फिजिक्स, मग बीएआरसीचा एक वर्षाचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा, आणि पुढे इंटर्नशिप. हे लक्षात ठेव कारण बीएससीला फिजिक्स नुसतं मायनर ठेवून दुसरंच मेजर घेतलंस तर पुढे पात्रतेत अडतं.

बाकी बीएआरसीच्या ट्रेनिंग स्कूलला एमएससी फिजिक्सवाल्यांना घेतात, एक वर्ष ट्रेनिंग आणि मग सायंटिफिक ऑफिसर. नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७ हजार फेलोशिप असते, २०२३ पासून. शिकवण्यासाठी नेट किंवा सेट. आणि ज्यांना हे काहीच नको असतं ते डेटा, सॉफ्टवेअर, सेमीकंडक्टर अशा ठिकाणी जातात, तिथे मात्र कोडिंग लागतं, म्हणून पायथॉन पहिल्या वर्षापासून शिक. माझ्या घरी पण हीच भीती होती, आई मला दर सुट्टीत विचारायची की पुढे काय. तिला एकदा विभागात घेऊन आले, काम दाखवलं, तेव्हापासून ती स्वतःच शेजारच्यांना समजावते.


तरंगलांबी:

ताई, मेडिकल फिजिक्सबद्दल पहिल्यांदाच ऐकलं, बाबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ प्रश्न विचारत होते, पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून विचारलं की फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे. आता शेवटचे दोन प्रश्न. ड्रॉपचं काय करू? आणि आयएटीचा निकाल येईपर्यंत बीएससीचे प्रवेश सुरू होतात, तिथे ॲडमिशन घेऊन ठेवली आणि नंतर आयसर मिळालं तर कॉलेज सोडायला त्रास देतात का?


चौथ्या_मजल्यावरची:

ड्रॉपबद्दल माझं मत, आधी यंदाचा पेपर मनापासून दे. थोडक्यात हुकलं आणि फिजिक्स-मॅथ्समधे मार्क चांगले असतील तर ड्रॉपचा विचार करायला हरकत नाही, माझ्या बॅचमधे ड्रॉप घेऊन आलेले बरेच आहेत. पण बीएससीला ॲडमिशन घेऊन पहिलं वर्ष शिकता शिकता परत आयएटी देणारे पण आहेत, वर्ष वाया जात नाही आणि गणित पुढे सरकतं. तू एकटीने घरी बसून अभ्यास करू शकतेस का हे तुलाच माहीत, मी नसते बसू शकले. कुठल्या वर्षी बारावी झालेली चालते हे प्रत्येक परीक्षेचं वेगळं आहे, ते मात्र आधी तपास.


खडू_डस्टर:

ॲडमिशन घेऊन ठेव, नक्की घेऊन ठेव. आमच्याकडे दर वर्षी काही मुलं जुलै-ऑगस्टमधे येऊन सांगतात की सर आयसर मिळालं, आम्हाला आनंदच होतो. यूजीसीचा नियम आहे की मूळ मार्कशीट वगैरे कॉलेजने अडकवून ठेवायची नाही, आणि प्रवेशाची शेवटची तारीख उलटण्याच्या बऱ्याच आधी रद्द केलं तर फी बहुतेक सगळी परत मिळते, उशीर होईल तशी कापली जाते. त्यामुळे जागा मिळाल्याचं कळलं की त्याच दिवशी लेखी अर्ज दे आणि पोचपावती घे, तोंडी सांगून येऊ नकोस. शाळा सोडल्याचा दाखला मात्र बहुतेक कॉलेजं जमा करून घेतात, तो परत मिळवायला चार-आठ दिवस जातात, म्हणून देण्याआधी त्याच्या पाच-सहा झेरॉक्स साक्षांकित करून ठेव. आयसर-नायसरसाठी जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला लागणार असेल तर केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही, आणि तो काढायला वेळ लागतो. त्या कामाला उद्याच लागा.

आणि परवा ज्या लॅबमधे जाणार आहेस तिथे काय दिसलं ते इथे लिही, कॉलेजचं नाव नको, पण सेटअपवर किती मुलं होती आणि जर्नल कशी होती ते सांग, मग पुढचं बोलू.